भिंतीवरून शिकलेली पूजा

दिवस पहिला : मुंबई ते कैरो

इमिग्रेशनच्या रांगेत मावशीने वर्गात विचारावं तशा खणखणीत आवाजात विचारलं, "अगं, इसिसच्या देवळात आपण शेवटी जाणार ना?"

पुढच्या तिघांनी वळून पाहिलं. मी तिचा हात दाबला. "मावशी, ते नाव इथे घेऊ नकोस."

"का? देवी आहे ती!"

देवीच आहे. ओसायरिसची बायको, होरसची आई, नवऱ्याच्या देहाचे तुकडे शोधून गोळा करणारी. पण विमानतळावर हे कोणाला समजावणार?

मावशी एकोणसत्तर वर्षांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्यात पौरोहित्य शिकली. शंकरराव थत्त्यांनी सत्तरच्या दशकात पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही वर्ग चालवले. आता पुण्यात लग्न लावायला बाई आली तर कोणी भुवया उंचावत नाही. मावशीच्या सुरुवातीच्या दिवसांत उंचावत असत. एका वास्तुशांतीला यजमानांचे काका ताटावरून उठून गेले होते, हे ती अजून हसत हसत सांगते. मला इजिप्तला जायचं होतं ते 'उम्म सेती' नावाच्या बाईसाठी. इंग्लंडमध्ये जन्मून अबायडॉसच्या देवळात पंचवीस वर्षं प्राचीन देवांची पूजा करत राहिलेली ही बाई. हे मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आमच्यातलीच. मग मी येतेच."

दिवस दुसरा : कैरो

कैरोबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे, मी लिहीत नाही. एवढंच, की मराठी माणसाला इथला एक शब्द आधीच येत असतो. बक्षीश. बूट सांभाळणारा, दार उघडणारा, नको असताना फोटो काढून देणारा, सगळ्यांच्या तोंडी तोच. मावशीने दुपारपर्यंत नोटांची चळत वेगळी करून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. रात्रीच्या गाडीने लक्झर.

दिवस तिसरा : देंदेरा

लक्झरहून गाडी केली. उत्तरेला साठेक किलोमीटरवर, केना शहरापलीकडे देंदेरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. मधूनच उसाच्या वाहतुकीचे अरुंद रूळ रस्ता ओलांडतात. दर काही मैलांवर पोलीस चौकी नसती, तर सांगलीच्या आसपासच आहोत असं वाटलं असतं.

देंदेराचं देऊळ हाथोरचं. संगीत, प्रेम, बाळंतपण, मद्य, सगळ्याची देवी, कान गायीचे. दर्शनी मंडपात 24 खांब आणि प्रत्येकाच्या माथ्यावर चारी बाजूंना तिचा चेहरा. नंतरच्या लोकांनी त्यातले बहुतेक चेहरे छिन्नीने फोडले आहेत. छताची काजळी मात्र अलीकडे साफ केली आहे आणि त्याखालून असा निळा निघालाय की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं.

सध्याचं देऊळ टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या अखेरच्या आणि रोमन काळातलं, पण जागा फार जुनी. पिरॅमिडांच्या काळात मोठ्या घरच्या बायका हाथोरच्या पुजारिणी असत, त्यांच्या थडग्यांवर ती पदवी कोरलेली सापडते. पुढे पुजारीपणाच्या जागा बहुतेक पुरुषांकडे गेल्या आणि बायकांकडे गाणं उरलं. हातात सिस्ट्रम, म्हणजे मुठीला चौकट आणि चौकटीत खुळखुळणाऱ्या चकत्या. मावशीने कोरीव चित्रातलं ते वाद्य पाहिलं आणि म्हणाली, "चिपळ्या गं या. चिपळ्याच हातात देऊन बसवलं होय त्यांना?"

दोन जिने गच्चीवर जातात, एक वळणावळणाचा आणि एक सरळ. भिंतीवर पुजाऱ्यांची मिरवणूक कोरली आहे. नव्या वर्षाला देवीची मूर्ती गच्चीवर आणून तिला सूर्याची भेट घडवत. गच्चीवरच ओसायरिसच्या खोल्या आहेत. सगळे पर्यटक तिथल्या राशिचक्राकडे मान वर करतात (ते प्लास्टरचं, खरं 1821 साली कापून फ्रान्सला नेलं, आता लूव्रमध्ये आहे). मला बघायचा होता तो भिंतीवरचा लांबलचक मजकूर. खोइआक महिन्यात ओसायरिसचा उत्सव कसा करायचा याची ती कृती आहे : देवाच्या आकाराचा साचा घ्यायचा, त्यात माती आणि सातू भरायचे, रोज पाणी घालायचं, आणि सातूला कोंब फुटले की देव उठला.

मी हे सांगत असताना मावशी खाली बसली. पाय दुखले असतील असं वाटलं. "घट," ती म्हणाली. "घट बसवलेत यांनी."

घटस्थापना इजिप्तहून आली की तिथे गेली असल्या गप्पांत मला रस नाही. असले शोध लावणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. धान्य मातीत घालून पाणी शिंपडणाऱ्या माणसाला कुठेही हेच सुचणार. पण मावशीने त्या भिंतीला जो नमस्कार केला, तो पाहुणीचा नव्हता.

संध्याकाळी पुढे निघून अबायडॉसला पोचलो. देवळासमोरच्या हॉटेलात फूल (म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे), ताजी भाकरी आणि करकदे. करकदे म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. मावशीने तीन पेले घेतले.

दिवस चौथा : अबायडॉस

डिसेंबरची सकाळ, शाल लागते अशी थंडी. पहिला सेती याचं हे देऊळ, त्याच्या मुलाने, दुसऱ्या रामसेसने पुरं केलेलं. बापाच्या वेळचं कोरीवकाम आणि मुलाच्या वेळचं यातला फरक आंधळ्यालाही बोटांनी कळेल. बापाचं उठावाचं, तलम. मुलाचं खोल, घाईचं.

प्रवाशांचे जथे दोन गोष्टींसाठी येतात. एक, 76 राजांची यादी. तीत नकोशी नावं सरळ गाळली आहेत, स्वतः राजा झालेली राणी हातशेप्सूतसुद्धा. दुसरी, 'हेलिकॉप्टर'. तुळईवर एकदा कोरलेला मजकूर बुजवून त्यावर दुसरा कोरला, गिलावा पडला आणि दोन्ही एकमेकांत मिसळून हेलिकॉप्टरसारखं काहीतरी दिसायला लागलं. लोक ते बघून, फोटो काढून, अर्ध्या तासात बसमध्ये. बरं आहे, आत गर्दी राहत नाही.

आत ओळीने सात गाभारे. डावीकडून सेती स्वतः, प्ताह, रा-होराख्ती, अमुन, ओसायरिस, इसिस, होरस. सेतीचा सोडून बाकीच्यांच्या भिंतींवर रोजच्या पूजेचे प्रसंग कोरले आहेत, छत्तीस. आम्ही अमुनच्या गाभाऱ्यात शिरलो, आणि पुढचे दोन तास मी मावशीच्या मागे मागे फिरले.

दाराची मातीची मोहर फोडायची. कडी काढायची. देवाचं दर्शन, साष्टांग. धूप. कालची वस्त्रं उतरवायची. नवी वस्त्रं, पांढरं, हिरवं, तांबडं. सुगंधी तेल लावायचं, तेही करंगळीने.

"करंगळीने?" मावशीने चष्मा पुसला. "आपण अनामिकेने लावतो." मग स्वतःशीच हिशेब लावायला लागली : काकडा, पंचामृत, पोशाख, नैवेद्य, धूपारती, शेजारती. पंढरपूरचे नित्योपचार ती बोटांवर मोजत होती आणि भिंतीवर सेती राजा तेच करत होता, फक्त देव नुसता उभा नव्हता, उभा-बसलेला दोन्ही होता, आणि त्याला सकाळी उठवून संध्याकाळी झोपवायचं काम तीन हजार वर्षांपूर्वी इथे रोज चालत होतं.

शेवटचा प्रसंग बघायला ती जवळजवळ भिंतीला टेकली. पुजारी उलट्या पावली बाहेर येतो आणि हातातल्या झाडूने जमिनीवरच्या स्वतःच्या पायखुणा पुसत येतो. त्या विधीला नाव आहे, 'पाऊल आणणे'. मग दार बंद, मोहर.

"हे आमच्यात नाही," मावशी म्हणाली. "हे असायला हवं होतं."

आता उम्म सेतीबद्दल. डोरोथी ईडी, जन्म 1904, लंडन. तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडली, डॉक्टरांनी गेली म्हणून सांगितलं, आणि तासाभराने पोरगी बिछान्यात खेळत होती. तेव्हापासून 'मला घरी न्या' हा धोशा. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या दालनात गेल्यावर मूर्तींच्या पायांना मिठ्या. मोठी झाल्यावर इजिप्शियन माणसाशी लग्न जमलं आणि ती इथे आली. मुलाचं नाव सेती ठेवलं, म्हणून गावाच्या तोंडी ती उम्म सेती, सेतीची आई. आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात तसंच. तिचं मूळ नाव मागे पडलं. लग्न टिकलं नाही. पुरातत्त्व खात्यात सलीम हसन आणि नंतर अहमद फखरी यांच्या हाताखाली तिने आराखडे काढले, मजकूर वाचले. 1956 साली, बावन्नाव्या वर्षी, बदली मागून घेऊन ती या खेड्यात आली. पगार दिवसाला दोन डॉलर.

मागच्या जन्मी आपण याच देवळात बेंत्रेशीत नावाची पुजारीण होतो आणि सेती राजाशी आपलं प्रेम होतं, असं ती सांगायची. माझा त्यावर विश्वास नाही. पण तिच्यावर आहे. ती रोज सकाळ-संध्याकाळ चपला बाहेर काढून देवळात यायची, प्रार्थना म्हणायची. ओसायरिस आणि इसिस यांच्या वाढदिवसांना पथ्य पाळून बिअर, वाइन, पाव आणि चहाची बिस्किटं घेऊन यायची. बिस्किटांवर मावशी खूष झाली : "घरात आहे ते देवाला." देवळातल्या एका खोलीत तिने कचेरी थाटली होती आणि तिथल्या नागाला ती खायला घालायची. पहारेकऱ्यांची पाचावर धारण बसलेली. आणि या सगळ्याबरोबर दिवसभर काम : फुटक्या कोरीव तुकड्यांची जुळणी, नोंदी, भाषांतर. मोठमोठे इजिप्तचे अभ्यासक तिचा सल्ला घेत, तो तिच्या पूर्वजन्मासाठी नव्हे. 1981 साली वारली. स्वतःसाठी तिने घराच्या बागेत थडगं बांधून ठेवलं होतं, पण तिथे पुरायला परवानगी मिळाली नाही. कॉप्टिक, म्हणजे इथल्या ख्रिश्चनांच्या, दफनभूमीच्या बाहेर वाळवंटात, पश्चिमेकडे तोंड करून तिला ठेवलं, वर काही खूण नाही.

आम्ही दुपारी त्या बाजूला गेलो. वाळू आणि वारा. मावशीने पर्समधून पार्ले-जीचा पुडा काढला, दोन बिस्किटं वाळूवर ठेवली. मी काही बोलले नाही.

दिवस पाचवा : पुन्हा अबायडॉस

या दिवसासाठीच दोन रात्री राहिलो होतो. हॉटेलात नऊ बायकांचा एक गट उतरला होता, बहुतेक अमेरिकेतल्या, एक आयर्लंडची. पांढरे सुती झगे, डोळ्यांत भरगच्च काजळ. रात्री जेवताना एकीच्या डोक्यावर सोनेरी प्लास्टिकचा नाग पाहिला तेव्हा माझं मत झालंच होतं : हौशी नाटक मंडळी. सकाळी चहाला मावशीने त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशेजारी खुर्ची ओढली आणि माझं मत थोडं ढिलं पडलं.

ती बाई निवृत्त नर्स. ती 'फेलोशिप ऑफ इसिस' मधली दीक्षित पुजारीण. ही संस्था 1976 साली आयर्लंडमधल्या क्लोनेगल किल्ल्यात ऑलिव्हिया रॉबर्टसन, त्यांचे भाऊ लॉरेन्स आणि वहिनी पामेला यांनी काढली. घराच्या तळघरातच देऊळ. ऑलिव्हियाबाई 2013 साली, शहाण्णवाव्या वर्षी वारल्या, तोवर देशोदेशीच्या बायकांना पुजारीण करत राहिल्या. तिथे सगळ्या देशांच्या देवी चालतात. गटातल्या दोघी मात्र त्याला नाकं मुरडणाऱ्या, 'केमेटिक ऑर्थोडॉक्सी'च्या. तमारा स्यूडा या इजिप्तच्या अभ्यासक बाईंनी 1988 साली अमेरिकेत सुरू केलेला हा पंथ; तिथे फक्त इजिप्तचे देव, ठरलेला नित्यविधी, आणि पंथप्रमुखाला जुन्या राजाचीच पदवी. म्हणजे एक बाई फॅरो. स्मार्त-भागवतांच्या एकादशीसारखे वाद यांच्यातही आहेत हे कळल्यावर मावशीला फार बरं वाटलं.

तिने नर्सबाईंना थेट विचारलं : रोज काय करता? मी मध्ये दुभाषी.

पहाटे उठून आंघोळ. नेट्रॉनच्या पाण्याने चूळ. नेट्रॉन म्हणजे वाळवंटातला क्षार, ममीला वापरत तो. घरी खायचा सोडा आणि मीठ मिसळून करतात. ("पंचगव्यापेक्षा बरं," मावशी मराठीत.) पांढरे कपडे, दिवा, धूप, पाणी, पाव. मग तो पाव आपणच खायचा. देवाने त्यातलं सत्त्व घेतलं, उरलेलं पुजाऱ्याचं, ही जुनीच रीत.

"प्रसाद," मावशी म्हणाली. बाईंना तो शब्द माहीत होता.

"आणि मंत्र?"

इथे गाडी अडली. चित्रलिपीत व्यंजनंच लिहीत, स्वर लिहीत नसत. न-फ-र एवढं दिसतं. 'नेफेर' हा अभ्यासकांनी सोयीसाठी भरलेला उच्चार. कॉप्टिक भाषेत तोच शब्द 'नूफे' असा उरलाय, आणि ती भाषा उरली आहे ती चर्चच्या प्रार्थनांत. म्हणजे ज्यांनी ही देवळं बंद केली, त्यांच्याच प्रार्थनेत या देवांच्या भाषेचा आवाज थोडाफार जिवंत राहिला.

मावशीने कप खाली ठेवला. आमच्या घरात इंद्रशत्रूची गोष्ट सगळ्यांना पाठ. वृत्राचा बाप यज्ञात 'इंद्राचा शत्रू वाढो' म्हणायला गेला, स्वर चुकला, अर्थ फिरला, 'इंद्र ज्याचा मारेकरी तो वाढो' असं झालं आणि पोरगा मेला. एका स्वरावरून. ती शिकत होती तेव्हा बायकांच्या तोंडी हे स्वर नकोत असं म्हणणारेही होतेच. आता ही समोरची बाई रोज सकाळी मंत्र म्हणते आणि त्यातला एकही स्वर तिला खात्रीने माहीत नाही.

"भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

नर्सबाई जरा थांबून म्हणाल्या, "म्हणून तर मी हळू म्हणते."

दुपारी चारनंतर बस निघून गेल्यावर त्या सगळ्या देवळात आल्या. पहारेकऱ्याने आधीच बजावलं होतं : धूप नाही, दिवा नाही, मोठा आवाज नाही. ओसायरिसच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी दोघी जमिनीवर बसल्या. दंडावर काजळाने नावं लिहिलेली, एकीच्या इसिस, दुसरीच्या नेफ्थिस. मेलेल्या भावासाठी (ओसायरिस इसिसचा भाऊही आणि नवराही) दोन बहिणींनी केलेला विलाप म्हणायला दोन बायका बसवायच्या आणि त्यांच्या दंडांवर ही नावं लिहायची, उजव्या हातात पाण्याची घागर, डाव्यात भाकरी, अशी सूचना जुन्या पपायरसमध्येच आहे. यांच्याकडे घागरीऐवजी स्टीलच्या बाटल्या. विलाप कुजबुजत, इंग्रजीत, मध्ये मध्ये ते स्वर हरवलेले शब्द. 'माझ्याकडे ये, घरी ये.' प्लास्टिकचा नाग कोणाच्याच डोक्यावर नव्हता.

मला रडू आलं असं लिहिणार नाही, कारण आलं नाही. मी त्या पहारेकऱ्याकडे बघत होते. किल्ल्या त्याच्या, गाव त्याचं, नमाजाची वेळ झालेली, आणि परक्या बाया त्याच्या देशाच्या देवाला परक्या भाषेत हाका मारताहेत. उम्म सेती या लोकांत मातीच्या घरात राहिली, त्यांच्या आजारपणात औषधं दिली, त्यांची बोली बोलली. या बायका सकाळी बसने जाणार. हा फरक मला डोळ्यांआड करता आला नाही, आणि त्यांनाही तो माहीत होता असं वाटलं. निघताना त्या पहारेकऱ्याशी फार अदबीने बोलल्या.

सगळे बाहेर पडले. मावशी मागे. मी वळून पाहते तर ती उलट्या पावली येतेय, ओढणीच्या टोकाने जमीन झाडत. पहारेकरी हसला, आणि उंबऱ्यापाशी आल्यावर त्याने तिला हात दिला.

दिवस सहावा : लक्झर, कर्नाक

कर्नाकच्या उत्तर टोकाला प्ताहचं छोटं देऊळ. पहारेकऱ्याने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, दार लावलं. मिट्ट काळोख. छतातल्या भोकातून एक कवडसा, आणि त्यात सेखमेत. देह बाईचा, तोंड सिंहिणीचं, दगड काळा. रा देवाने माणसांचा संहार करायला हिलाच पाठवलं, ती थांबेना, तेव्हा बिअर लाल रंगवून रक्त म्हणून पाजली आणि ती झिंगून शांत झाली. उग्र देवीला शांत करायची ही युक्ती आवडावी अशीच आहे.

जेनेव्हिव्ह व्हॉन या अमेरिकन बाईने 1965 साली इजिप्तमध्ये सेखमेतला मूल होण्यासाठी नवस केला. मूल झालं. मग 1993 साली नेवाडाच्या वाळवंटात, अणुचाचण्यांच्या प्रदेशाशेजारी, तिने सेखमेतचं देऊळ बांधलं. गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, चारी बाजूंनी उघडं, आणि सांभाळायला पुजारीण. जमीन तिथल्या मूळ शोशोनी लोकांना परत दिली. मावशीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "नवस फेडायला अठ्ठावीस वर्षं?"

रात्री लक्झरच्या देवळात अबुल हग्गागची मशीद पाहिली. देवळाच्या भिंतींवरच उभी. त्याच्या उरुसाला गावातून होड्यांची मिरवणूक निघते. याच देवळाच्या भिंतीवर देवाच्या होडीची मिरवणूक कोरलेली आहे.

दिवस सातवा : अस्वान, फिले

फिलेचं इसिसचं देऊळ मूळ बेटावर नाही. धरणाच्या पाण्यात जाऊ नये म्हणून सत्तरच्या दशकात दगड दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचलं. बोटीनेच जावं लागतं. बाकी देवळं बंद पडल्यावरही इथली पूजा चालू राहिली; सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने ती थांबवली आणि आत चर्च आलं.

हेड्रियनच्या दरवाजावर आम्हाला एकच गोष्ट शोधायची होती. 24 ऑगस्ट 394. नेसमेतेरआखेम नावाच्या इसिसच्या पुजाऱ्याने मंदुलिस देवाच्या चित्राशेजारी थोडा मजकूर कोरला. आज माहीत असलेला चित्रलिपीतला हा शेवटचा तारीखवार लेख. अक्षरं वेडीवाकडी, सराव कमी झालेल्या हाताची. शेवटी लिहिलंय, सर्वकाळ, चिरकाल.

मावशी बराच वेळ बघत राहिली. "नाव काय म्हणालीस?"

"नेसमेतेरआखेम. पण स्वर अंदाजाचे."

"असू देत." तिने ते तीनदा म्हटलं, संकल्पात यजमानाचं नाव घेतात तसं, तोडून तोडून, अगदी हळू.

खाली धक्क्यावर बोटवाल्याने भोंगा वाजवला. एकदा, मग लांबवर. दरवाजा दाखवणारा पहारेकरी अजून शेजारीच रेंगाळत होता. मावशीने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला.